मूत्रपिंडाची जावक

सुरत जिल्ह्याच्या भातखाचरांत आषाढात लावणीला जोर चढतो, आणि गुडघाभर चिखलात दिवसचे दिवस उभ्या राहणाऱ्या मजुरांच्या पायांची कातडी पाण्याने फुगून जेव्हा ठिकठिकाणी भेगाळते, तेव्हा त्या भेगांतून मळसूत्राच्या आकाराचा एक सूक्ष्म जंतू त्यांच्या रक्तात प्रवेश करतो, आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांतील ठणका, डोळ्यांची लाली, कावीळ अशा खुणा दाखवीत अखेर मूत्रपिंडांवर घाला घालतो. वैद्यकाच्या ग्रंथांत या व्याधीला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. दक्षिण गुजरातेत दवाखान्यापासून शेताच्या बांधापर्यंत सर्वांच्या तोंडी तो नुसता ‘लेप्टो’ आहे. हायडेलबर्गच्या अॅडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली कावीळ आणि मूत्रपिंडाचा विकार एकत्र आणणाऱ्या या तापाचे वर्णन केले, आणि जपानात इनाडा व इडो या संशोधकांनी १९१५ च्या सुमारास त्याचा जंतू हुडकून काढला. सुरत, नवसारी, वलसाड, तापी या टापूत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तो दर पावसाळ्यात हजेरी लावीत आला आहे. आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीने सुरतेचा फार मोठा भाग व्यापला, तेव्हा त्या पुराच्या मागोमाग तो शेतशिवार ओलांडून थेट शहरातही शिरला.

या जंतूचे मूळ बिऱ्हाड उंदराच्या मूत्रपिंडात असते. तेथील नलिकांच्या आतल्या अंगाला तो चिकटून राहतो, उंदराला त्याचा काडीचाही उपद्रव होत नाही, आणि उंदराच्या मूत्रातून तो आयुष्यभर बाहेर पडत राहतो. सन १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगच्या हाहाकारानंतर सुरतेच्या महानगरपालिकेने शहराचा केरकचरा आणि गटारे यांची जी व्यवस्था लावली, तिची कीर्ती साऱ्या देशात पसरली, आणि ती योग्यच होती. परंतु शेतातला उंदीर पालिकेच्या हुकमतीत येत नाही, आणि भाताचे शेत कोरडे ठेवता येत नाही. म्हणून लावणीच्या दिवसांत शेतमजुरांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटण्याचा प्रघात सरकारी आरोग्यखात्याने या टापूत पाडला आहे. त्याने पुष्कळांचा बचाव होतो, तरी सर्वांचा होत नाही, आणि ज्यांचा होत नाही त्यांच्यापैकी काहींना बेशुद्धीच्या सीमेवर असताना सुरतेच्या न्यू सिव्हिल हॉस्पिटलात किंवा महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात आणले जाते.

तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मूत्रपिंडांचा. ती कितपत शाबूत आहेत, हे जाणण्याचे त्यांचे मुख्य साधन म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन. स्नायूंच्या नित्य व्यापारातून निर्माण होणारा हा पदार्थ मूत्रपिंडे बाहेर टाकतात, आणि त्यांचे काम मंदावले की तो रक्तात साचू लागतो, एवढा सरळ हिशेब त्यामागे आहे. परंतु या हिशेबात एक मोठी खोट आहे. मूत्रपिंडांच्या अंगी सामर्थ्य इतके शिल्लक असते की, गाळण्याची शक्ती निम्म्याच्या आसपास खालावेपर्यंत क्रिएटिनिनचा आकडा प्रायः नेहमीच्या मर्यादेतच राहू शकतो. आणि इजा अकस्मात झाली, तरी तो आकडा चढण्यास एक-दोन दिवसांचा अवधी लागतो, ज्या अवधीत औषधोपचाराचा सर्वांत अधिक उपयोग होण्याजोगा असतो. जुनाट विकाराची गोष्ट याहून दुःखद आहे. उधना आणि लिंबायत या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबार येथून यंत्रमागांच्या व गिरण्यांच्या कामासाठी येऊन पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांत ‘क्रिएटिनिन वाढलं’ हे शब्द जेव्हा प्रथम उच्चारले जातात, तेव्हा त्या घरातील मधुमेही वडीलधाऱ्याचे मूत्रपिंड कित्येक वर्षांपासून आतून झिजत आलेले असते, आणि डायलिसिसच्या यंत्राशी जखडले जाण्याचा दिवस फारसा दूर राहिलेला नसतो. रक्ताची ही साक्ष खोटी नसते, पण ती फार उशिरा मिळते. आणि हा उशीर कसा टाळावा, हा गेल्या अर्धशतकातील मूत्रपिंडवैद्यकाचा एक कळीचा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर मूत्रातच दडलेले असावे, अशी आशा ज्या शोधामुळे निर्माण झाली, त्याची हकीगत मूत्रपिंडापासून फार दूर सुरू होते. प्राणिमात्राच्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशी आपल्याच पटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पुटिका अखंड बाहेर सोडीत असते. यांपैकी काही पेशीच्या बाह्य पटलाला फुगवटा येऊन त्यातून तुटून पडतात. काही पेशीच्या अंतर्भागातील एका कोशात आधी घडविल्या जातात, आणि तो कोश बाह्य पटलाशी एकजीव झाला म्हणजे घोळक्याने बाहेर रवाना होतात. या दुसऱ्या जातीला एक्झोसोम असे नाव आहे, आणि तिचा व्यास साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत सहा हजार सहज मावावेत इतका, असतो. पीटर वोल्फ यांनी १९६७ साली रक्तातील बिंबाणूंपासून निघणाऱ्या अशा कणांची नोंद केली, तेव्हा त्यांनी त्यांना ‘बिंबाणूंची धूळ’ म्हटले. पुढे १९८३ मध्ये माँट्रियलला रोझ जॉन्स्टन आणि सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या मंडळींनी, अपक्व तांबड्या पेशी परिपक्व होत असताना नको असलेली प्रथिने अशा पुटिकांत भरून टाकून देतात, असे दाखविले, आणि मग बराच काळ पुटिका म्हणजे पेशीचा केर, अशीच समजूत रूढ होती. ती १९९६ मध्ये ढळली, कारण रक्षक पेशींनी सोडलेल्या पुटिका इतर पेशींना शत्रूची ओळख पटवून देऊ शकतात, असे दिसून आले. आणि २००७ साली गोथेनबर्गच्या प्रयोगशाळेतून जे प्रसिद्ध झाले, त्याने तर ती पार मोडून काढली. उंदराच्या पेशींनी सोडलेल्या पुटिका मानवी पेशींना दिल्या असता त्या मानवी पेशींत उंदराची प्रथिने तयार होऊ लागली, म्हणजे या पुटिकांतून आरएनएच्या रूपाने प्रत्यक्ष हुकूम जातात आणि दुसऱ्या पेशी ते अमलात आणतात, असे सिद्ध झाले.

मूत्रपिंडाच्या बाबतीत निर्णायक पाऊल २००४ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे मार्क नेपर यांच्या प्रयोगशाळेत पडले. तेथे काम करणाऱ्या त्राइराक पिसितकुन या थाई संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचे मूत्र अतिवेगवान अपकेंद्र यंत्रात, पृथ्वीच्या आकर्षणाच्या लक्षावधी पटींनी मोठ्या ओढीखाली फिरविले, तळाशी बसलेला गाळ तपासला, आणि त्या एक्झोसोमांत २९५ निरनिराळी प्रथिने त्यांना ओळखता आली. एरवी मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढून पाहिल्यावरच ज्यांचे दर्शन घडावे अशी यांतील कित्येक प्रथिने होती. मूत्रपिंडात पाण्याच्या पुनःशोषणाचे नियमन करणारे, मिठाची देवघेव पाहणारे, कित्येक आनुवंशिक मूत्रपिंडविकारांत बिघडणारे, असे नाना तऱ्हांचे प्रथिन तेथे आपापल्या पेशीच्या पटलासकट येऊन ठेपले होते. ज्या मूत्राला मानवजात इतके दिवस केवळ त्याज्य मानीत आली, ते मूत्रपिंडाच्या लक्षावधी पेशींचा ताजा वृत्तांत रोज बाहेर आणून टाकीत होते, हे त्या दिवशी प्रथम स्पष्ट झाले.

हा वृत्तांत मूत्रपिंडाचाच कशावरून, रक्तातून तो वाहत आलेला कशावरून नसेल, ही शंका वाजवी आहे, आणि तिचे निरसन मूत्रपिंडाच्या रचनेतच सापडते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. त्यांच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, आणि दोन्ही मूत्रपिंडांतील या साऱ्या गुंत्यांतून मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, ज्यातला दीड लिटरच्या आसपास भागच मूत्र म्हणून उरतो व बाकीचा नलिका परत घेतात. या गाळणीची छिद्रे इतकी बारीक की, रक्तातील अल्ब्युमिनसारखे काही नॅनोमीटरांचे प्रथिनही त्यांतून जवळजवळ जाऊ शकत नाही; मग त्याच्या दसपटीने मोठी पुटिका निरोगी गाळणीतून पार पडणे दुरापास्तच होय. मोगल अमदानीत सुरतेच्या किल्ल्यानजीक तापीकाठी जो फुरजा, म्हणजे जकातघर, होता, तेथे गलबतांवरून उतरलेले प्रत्येक गाठोडे उघडून, तपासून, जकात वसूल झाल्यावरच छाप मारून सोडले जाई, आणि जकात चुकवून आत शिरणे व्यापाऱ्यांना फार कठीण पडे. परंतु फुरज्याच्या आतल्या कारकुनांनी आपल्या हातांनी लिहून पाठविलेली जावक मात्र त्या झडतीच्या पलीकडची असे. मूत्रातील पुटिका हीच मूत्रपिंडाची जावक होय. ती गाळणीच्या पलीकडे, गाळणीच्या पोडोसाइट या पायदार पेशींपासून थेट मूत्रमार्गाच्या अस्तरापर्यंतच्या पेशींनी लिहिलेली असते, आणि कोणत्या पेशीने लिहिली तिची खूण तिच्या पटलावर उमटलेली असते. पटलाच्या दुहेरी आवरणामुळे आतला आरएनए मूत्रातील विघटक द्रव्यांपासूनही सुरक्षित राहतो. गाळणीच फाटली म्हणजे रक्तातील पुटिकाही मूत्रात मिसळू शकतात, हे खरे; पण ते घडले की मूत्रात अल्ब्युमिनही येते, आणि त्यावरून सावध होता येते.

मधुमेहाच्या संदर्भात या जावकीचे मोल मोठे आहे. ओटावाच्या डिलन बर्गर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मधुमेही उंदरांच्या मूत्राचे निरीक्षण केले, तेव्हा पोडोसाइट पेशींनी टाकलेले सूक्ष्मकण मूत्रात अल्ब्युमिन येऊ लागण्याच्या आधीच वाढलेले त्यांना आढळले. मधुमेह्यांच्या मूत्रपिंडाची पहिली सूचना म्हणून आपण आज ज्या अल्ब्युमिनवर विसंबतो, त्याच्याही अगोदर, साखरेच्या माऱ्याने हैराण झालेली पेशी आपले तुकडे टाकू लागलेली असते, असा याचा अर्थ. उंदरात दिसले ते माणसात दिसेलच असे नाही. पण कोणत्या दिशेने शोधावे हे यातून निःसंशय ठरते.

अकस्मात होणाऱ्या इजेबाबतचे पुरावे त्याहून जुने आहेत. बेथेस्डाच्याच एका गटाने २००६ साली सिसप्लॅटिन हे कर्करोगावरील औषध देऊन उंदरांची मूत्रपिंडे दुखावली, आणि मूत्रातील पुटिकांत फेट्युइन-ए हे प्रथिन क्रिएटिनिन चढण्याच्या एक दिवस आधी पन्नासपटींहून अधिक वाढलेले पाहिले. याच्याही आधी, २००३ साली, फ्रान्समधील अतिदक्षता विभागांतील रुग्णांच्या मूत्रातून पटलांचा अंश वेगळा काढून तपासला गेला, आणि नलिकांच्या अग्रभागी सोडियम शोषून घेण्याचे काम करणारे एनएचई-३ हे प्रथिन नलिका मृत झालेल्या रुग्णांत इतर रुग्णांपेक्षा पुष्कळ जास्त आढळले. हा तपशील मी मुद्दाम येथे नोंदवितो, कारण लेप्टोचा घाव नेमका याच ठिकाणी बसतो. त्या जंतूच्या संसर्गाने नलिकेच्या अग्रभागातील सोडियमचे शोषण ढासळते, न शोषलेले सोडियम पुढच्या भागात लोटले जाते, आणि तेथे त्याच्या मोबदल्यात पोटॅशियम शरीराबाहेर जाते. म्हणूनच, मूत्रपिंड निकामी झाल्यावर एरवी रक्तात पोटॅशियम वाढते ते लेप्टोच्या रुग्णात बहुधा कमी झालेले असते, आणि मूत्रही पुष्कळदा आटत नाही. मूत्रपिंडाच्या इतर इजांपासून वेगळी करणारी ही खूण ज्या प्रथिनाच्या बिघाडाने उमटते, ते प्रथिन मूत्रातील पटलांवर वाचता येते. आणि या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की, दक्षिण गुजरातेतील तापाच्या रुग्णांत त्याच्या वाचनाला अर्थ आहे, असे माझे ठाम मत बनते.

पुटिकांची दुसरी बाजूही आहे. ज्या वाटेने वृत्त जाते त्याच वाटेने विषही जाऊ शकते. दूषित अन्नातून पोटात जाणाऱ्या काही इ-कोलाय जंतूंचे शिगा-विष लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करते. ते विष आतड्यापासून मूत्रपिंडापर्यंत रक्तातून कसे पोचते हे कोडे होते, कारण रक्तद्रवात ते मोकळे असे फारसे सापडत नसे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील डायना कार्पमन यांच्या गटाने २०१५ साली दाखविले की, रक्तपेशींनी सोडलेल्या सूक्ष्मपुटिकांच्या पोटात बसून ते प्रवास करते, आणि मूत्रपिंडाच्या पेशी त्या पुटिका आपल्यांतल्याच समजून आत घेतात. जुनाट विकारातही असेच काहीसे घडते. इजा झालेल्या नलिकांच्या पेशी टीजीएफ-बीटा या द्रव्याचा संदेश एक्झोसोमांत भरून शेजारच्या तंतुपेशींकडे धाडतात, असे २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना आढळले. त्या संदेशाने चेतलेल्या तंतुपेशी जखम भरण्याच्या हेतूने तंतू विणू लागतात, आणि हे विणकाम थांबविणारे कोणी नसल्यामुळे सारे मूत्रपिंड हळूहळू व्रणाच्या घट्ट पोतात रूपांतरित होते. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांच्या धमन्यांच्या भिंतींत जो चुना साचतो, त्याचेही बीज स्नायुपेशींनी सोडलेल्या पुटिकांतच प्रथम पडते. म्हणजे पुटिका ही केवळ रोगाची वार्ताहर नसून, कैक प्रसंगी त्याची हस्तकही असते.

ती रोगाची हस्तक होऊ शकते, तर वैद्याचीही का होऊ नये, हा प्रश्न त्यातूनच निघाला. इटलीतील तुरीनच्या जिओव्हानी कामुस्सी यांच्या गटाने २००९ साली अस्थिमज्जेतील मूळपेशींनी सोडलेल्या पुटिका मूत्रपिंड दुखावलेल्या उंदरांना टोचल्या, आणि मूळपेशी टोचल्याने जो गुण येतो तोच पुटिकांनीही येतो, असे दाखविले; पुटिकांतील आरएनए आधी नष्ट केला असता मात्र तो गुण नाहीसा झाला. मूळपेशी मूत्रपिंडात रुजून नवी नलिका घडवितात, ही जी पूर्वीची आकर्षक कल्पना होती, तिला यामुळे बराच बाध आला. आपल्याकडे अहमदाबादच्या मूत्रपिंडविकार संस्थेत डॉ. हरगोविंद लक्ष्मीशंकर त्रिवेदी यांनी प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून मूळपेशींचा वापर करून पाहिला होता, आणि त्या कार्याकडेही आता या नव्या दृष्टीने पाहणे उचित ठरेल. कैरोच्या डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनाट विकाराच्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना नाळेतील मूळपेशींच्या पुटिका दिल्या, आणि त्यांच्या मूत्रपिंडांच्या कामात थोडी सुधारणा दिसली. चाळीस रुग्णांचा अभ्यास म्हणजे श्रीगणेशा. त्यावर इमारत उभारणे धोक्याचे आहे. तरीही जगभर काही खाजगी दवाखान्यांनी एक्झोसोमांच्या कुप्या वाटेल त्या रोगावर भरमसाट दामाने विकण्यास प्रारंभ केला, आणि अशी टोचण घेतलेल्या रुग्णांना गंभीर अपाय झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. डायलिसिसच्या खर्चाने खचलेल्या कुटुंबाला अशी कुपी विकणे हा मला अक्षम्य अपराध वाटतो. आपले मूत्रपिंड वाचेल या आशेने माणूस दागिने गहाण टाकतो, आणि त्याला मिळते ते असे द्रव्य की जे मूत्रपिंडविकारावर गुणकारी असल्याचे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.

निदानाच्या बाजूने मार्ग अधिक मोकळा आहे, परंतु तोही निष्कंटक नाही. मूत्रात युरोमोड्युलिन नावाचे एक प्रथिन विपुल असते. १९५० च्या सुमारास तॅम आणि हॉर्सफॉल यांनी त्याचे वर्णन केले. त्याचे लांबलचक धागे थंडीत जाळे बनवितात, आणि त्या जाळ्यात पुटिका अडकून पडल्या की मोजणी चुकते. मूत्र कधी पातळ, कधी दाट. सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे. सुरतेच्या उन्हाळ्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये घाम गाळणाऱ्याचे तर फारच दाट. म्हणून पुटिकांची संख्या कशाच्या प्रमाणात सांगावी, यावर अजून एकमत नाही. नमुना गोठवून ठेवायचा तर उणे ऐंशी अंशांची शीतपेटी हवी, आणि अतिवेगवान अपकेंद्र यंत्र तालुक्याच्या रुग्णालयात असणे शक्य नाही. पुटिकांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि २०२३ च्या आवृत्त्यांत कामाचे किमान दंडक घालून दिले, आणि त्यांतून या क्षेत्रातील सैल कामाला पुष्कळ लगाम बसला. तथापि अपकेंद्र यंत्राशिवाय, पटलावरील खुणांना चिकटणाऱ्या प्रतिद्रव्यांनी पुटिका थेट पकडणाऱ्या पट्टीसारखे साधन हाती आल्याखेरीज ही विद्या मोठ्या इस्पितळांच्या बाहेर पडणार नाही.

असे साधन कोठे पारखावे, याविषयी मला काही सांगावयाचे आहे. मूत्रपिंडाची आकस्मिक इजा बहुतेक ठिकाणी अनपेक्षितपणे येते. रुग्ण समोर येतो तो इजा झाल्यावर, त्याच्या आदल्या आठवड्याचे मूत्र कोणापाशीही नसते, आणि त्यामुळे पुटिकेने किती आधी खबर दिली असती, हे माणसांत ठरविणे फार कठीण जाते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसारख्या नियोजित प्रसंगांत ते साधते, पण तेथील इजा वेगळ्या जातीची असते. दक्षिण गुजरातेत मात्र ही इजा पंचांगाप्रमाणे येते. कोणत्या गावांत, कोणत्या महिन्यांत, कोणते काम करणाऱ्या माणसांना लेप्टो होण्याचा धोका आहे, हे आरोग्यखात्याला पुरते माहीत आहे, कारण त्याच माणसांच्या दारी डॉक्सिसायक्लिन घेऊन त्याचे कर्मचारी दर वर्षी जातात. गोळ्या वाटण्याच्या त्याच फेरीत, लावणीला आरंभ होण्यापूर्वी, मजुरांच्या संमतीने मूत्राचे नमुने घेतले, ते सुरतेच्या वैद्यकीय महाविद्यालयात जपून ठेवले, हंगामभर ज्यांना ताप आला त्यांचे नमुने पहिल्या दिवसापासून रोज घेतले, आणि क्रिएटिनिनच्या आकड्याशेजारी एनएचई-३ व फेट्युइन यांचे आकडे मांडले, तर क्रिएटिनिनच्या किती दिवस आधी पुटिका बोलते, या प्रश्नाला दोन-तीन पावसाळ्यांत उत्तर मिळेल. या कामास लागणारे अपकेंद्र यंत्र व शीतपेटी जिल्ह्याच्या ठिकाणी एकदाच बसवावी लागेल. बाकीचे सारे काम मूत्राची बाटली, बर्फाचा डबा आणि गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका एवढ्यावर भागेल.